घासाघीस म्हणायचं कुणी आणि भाव करायचा कुणी

प्रश्न असा आलाय: विदर्भातनं नोकरीसाठी कोल्हापूरला आलेल्या एक ताई विचारतायत की 'घासाघीस'ला समानार्थी शब्द कुठले, त्यातले रोजच्या बोलण्यात खरंच कुठले चालतात, आणि कपिलतीर्थ मार्केटात भाजीवाल्या मावशींना त्यांनी सरळ "थोडी घासाघीस करूया का?" असं विचारलं तेव्हा त्या मावशी आणि शेजारच्या दोघी पदर तोंडाला लावून का हसल्या.

मी महाद्वार रोडला साड्यांच्या धंद्यात आहे, वडिलांपासनं. गाव करवीर तालुक्यातलं, घरात म्हशी, त्यामुळं गुरांचा बाजार पण अंगावर पडलेला. व्याकरणाचं मला काय विचारू नका, पण गल्ल्यावर बसून दिवसभर हेच ऐकतोय म्हटल्यावर या एका शब्दाबद्दल बोलायचा थोडा अधिकार आहे असं समजतो.

आधी हसण्याचं सांगतो. घासाघीस हा शब्द भाव करणारा माणूस भाव करताना वापरत नाही. तो समोरच्याचा शब्द आहे, म्हणजे दुकानदाराचा. "लई घासाघीस करतंय ते गिऱ्हाईक", "कृपया घासाघीस करू नये" अशी पाटी, "तासभर घासाघीस केली आणि न घेताच गेले", हे सगळं विकणाऱ्याच्या तोंडचं. घेणारा माणूस घरी गेल्यावर बायकोला फुशारकीनं सांगेल की चांगली घासाघीस केली आणि तीनशेला आणली, तेव्हा चालतंय, कारण तेव्हा लढाई संपलेली असते. पण समोर उभं राहून "घासाघीस करूया का" म्हणजे "मी आता तुम्हाला छळणार आहे, परवानगी आहे का?" असं विचारल्यासारखं झालं. मावशी हसणारच. त्यांनी वाईट काय मनात आणलं नसणार, उलट भाजी स्वस्तच दिली असेल बघा.

मग घेणारा काय म्हणतो? भाव करतो. कोल्हापुरात नव्वद टक्के काम 'भाव करणं' या दोन शब्दांत भागतंय. "भाव करून घे", "हिला भावच करता येत नाही", "बाबांना ने, ते भाव करतील". यात छळ नाही, कमीपणा नाही, उलट अंगात असायला पाहिजे असा गुण आहे. तुम्हाला घासाघीसच्या जागी एकच शब्द पाहिजे असेल तर हा घ्या आणि पुढचं नाही वाचलं तरी चालेल. फक्त दोन शेजाऱ्यांपासनं सांभाळा, 'भाव खाणं' आणि 'भाव देणं'. पहिलं म्हणजे उगाच मिजास करणं आणि दुसरं म्हणजे एखाद्याला किंमत देणं, लक्ष देणं. "तो मला भावच देत नाही" असं कॉलेजातली पोरगी म्हणाली तर ती कांद्याबद्दल बोलत नाही.

'भाव पाडणं', 'पाडून मागणं' आणि 'तोडून मागणं' हे त्याच्या वरच्या पायरीचे. मी 1200 ची साडी सांगितली आणि गिऱ्हाईकानं 1050 म्हटलं तर तो भाव केला. 600 म्हटलं तर पाडून मागितली. आणि 400 म्हणून वर माझ्या मालाला नावं ठेवली तर "ताई, एवढं तोडून मागू नका की" असं तोंडातनं जातंच. 'भाव पाडणं'ला अजून एक बाजू आहे, ते बाजाराबद्दल पण बोलतात, व्यापाऱ्यांनी मिळून टोमॅटोचा भाव पाडला वगैरे, तिथं शेतकरी रडत असतो आणि घासाघीसचा काही संबंध नसतो.

भाव, दर, रेट, किंमत यातला फरक पण इथं येऊन शिकण्यासारखा आहे कारण कोल्हापूरला तो कानानं कळतो. भाजीला आणि सोन्याला भाव. ऊस, दूध, गूळ यांना दर. गवंडी, पेंटर, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावची एमआयडीसी, तिथं रेट. आणि फ्रीज, टीव्ही, गाडी, घर यांना किंमत. आता दुधाचं बघा, गोकुळ संघ 1963 पासनं आहे, फॅट आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग) बघून दर लागतो, डेअरीत उभं राहून कुणी भाव करत नाही, मशीनवर आकडा येतो आणि माणूस गप घरी जातो. कटकट करायची तर ती मशीनच्या नावानं. तेच गंगावेशीत समोर म्हैस पिळून दूध विकतात तिथं मात्र धारोष्ण दूध, फेसासकट माप, आणि "फेस बसू दे की जरा" म्हणणारं गिऱ्हाईक. हा पण भाव करण्याचाच प्रकार आहे, फक्त पैशावर बोट न ठेवता मापावर ठेवलंय. फाउंड्रीवाले आमचे मित्र आहेत, ते कास्टिंगचा किलोचा रेट ठरवताना कधी भाव केला म्हणत नाहीत, "रेट बसवला", "रेट बसत नाही" असं म्हणतात. पुण्याची कंपनी घासते आणि यांचा रेट बसत नाही, असं ते चाललेलं असतंय कायम.

आता खरी गंमत क्रियापदांत आहे, आणि ही कुठल्या समानार्थी शब्दांच्या यादीत सापडत नाही. मराठीत भाव करताना विकणारा किंमत 'सांगतो' आणि घेणारा 'मागतो'. "त्यानं आठशे सांगितले, मी पाचशेला मागितली." सांगणं दुकानदाराचं, मागणं गिऱ्हाईकाचं, याची अदलाबदल होत नाही. मग दुकानदार 'सोडतो' ("वरचे पन्नास सोडले") किंवा 'उतरतो' ("सातशेवर उतरला"), गिऱ्हाईक 'वाढवतं' किंवा 'चढतं'. शेवटी 'पटतं', 'जमतं', 'ठरतं', नाहीतर 'फिसकटतं'. म्हणून कुणी विचारलं की "कसं काय, जमलं का?" तर ते तब्येतीचं विचारत नाहीत. आणि सुरवात कशी, तर "केवढ्याला?" हे शहरातलं, "कशी दिली?" हे आमचं. मेथी कशी दिली, वांगी कशी दिली. अजून दिलेली नसते, हातात पण घेतलेली नसते, तरी भूतकाळ. का ते विचारू नका, पण "मेथीची किंमत काय आहे?" असं विचारलं की समोरच्याला लगेच कळतं की पाहुणं नवीन आहे, आणि नवीन पाहुण्याला सांगायचा भाव वेगळा असतो हे पण खरं.

दुसरी गोष्ट, भाव करणारा माणूस भाव करण्याबद्दलचा शब्दच उच्चारत नाही. तो काय म्हणतो ते ऐका: "काय तरी बघा की." "कमी-जास्त करा." "मधलं काढा." "जरा खाली या." "शेवटचं सांगा." "द्यायचा भाव सांगा." "नेहमीचं गिऱ्हाईक आहे, लावून सांगा." "तुमचं बी नको, आमचं बी नको." हे शेवटचं फार चालणारं आहे, आठशे आणि पाचशेच्या मधे साडेसहाशेवर तोडायचं असलं की हे म्हणायचं, आणि म्हणणारा बहुतेक तिसराच कोणीतरी असतो, शेजारी उभा राहून ऐकणारा. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. कोल्हापुरात व्यवहार चाललाय आणि बाजूच्यानं तोंड घातलं नाही असं होत नाही.

भाजीबाजारातला एक नमुना देतो, लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजाराला असलं ढीगभर ऐकायला मिळतं.

"कशी दिली मेथी?"

"वीस रुपये पेंडी."

"लई सांगितलं की मावशी. पंधरानं दे."

"पंधराला माझी खरेदी बी न्हाई बाई."

"दोन घेतो, तीस घे."

"पस्तीस दे जा. भवानी बी झाली न्हाई अजून, परत कुठं लावू तुला."

"वर कोथमीर घाल मग."

याच्यात घासाघीस, सौदा, मोलभाव एकही शब्द आला नाही बघा. पेंडी म्हणजे तुमच्याकडची जुडी. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, भवानीच्या वेळी गिऱ्हाईक मोकळं परत लावायचं नाही असं विकणारे मानतात म्हणून सकाळी लवकर गेलेल्याला थोडं सुटतं. 'वर' म्हणजे पैशात सुटलं नाही तर मालात सोडवून घ्यायचं, चार मिरच्या, कढीपत्त्याची काडी. आणि बाई असून "घेतो" म्हणाली म्हणून दचकू नका, आमच्याकडं बायका आलो-गेलो-घेतो असंच बोलतात, त्याच्यावर वेगळं लिहावं लागेल. मावशीला एकेरीत बोलली ते पण अपमान नाही, वय आणि ओळख बघून होतं ते, पण तुम्ही नवीन आहात तर "द्या" म्हणा, "दे" म्हणायला थोडे महिने जाऊ देत.

दुकानातलं वेगळं. लग्नाच्या बस्त्याचं सांगतो कारण तिथं भाव करण्याची अख्खी रीतच बदलते. बस्ता म्हणजे दोन्हीकडची माणसं येऊन लग्नाचं सगळं कापड एकदम घेणं, देवाची साडी, नवरीचे शालू, मानाच्या साड्या, आहेराच्या, टॉवेल-टोपी, फेटे सगळं. दिवसभर बायका निवडत असतात आणि एकही बाई भाव करत नाही, रंग, काठ, पदर एवढंच. पुरुष बाहेर चहा पितात. आणि संध्याकाळी बिलाचा टोटल लागला की आतनं एकच माणूस उठतो, बहुतेक नवरदेवाचा मामा नाहीतर गावातला एखादा बोलका जाणता. परवाच्या सीझनला राधानगरीकडचे एक मामा असेच गल्ल्याशी खुर्ची ओढून बसले, चष्मा काढून खिशात ठेवला, म्हटलं आता झालं. टोटल 86,400. तोंडानं आकडा कुणीच बोलत नाही, कारण शेजारच्या गादीवर दुसऱ्यांचा बस्ता चाललेला असतो, त्यांनी ऐकायला नको. मी कॅल्क्युलेटरवर 85,000 मारून त्यांच्याकडं फिरवला. त्यांनी बघितला, काही न बोलता क्लिअर केला, 78,000 मारून माझ्याकडं फिरवला. मी हसलो आणि चहा मागवला. मग गावचा पाऊस, राधानगरी धरणाचे दरवाजे, ऊस तुटला का, हे सगळं झालं आणि मधे मधे कॅल्क्युलेटर इकडनं तिकडं. 83,500, 80,000, 82,500. शेवटी मामा म्हणाले, "बरं, ब्याऐंशी करा आणि वर दोन फेट्याचं कापड घाला, आमचा बी मान राहू दे." झालं. उठताना मामा आपल्या माणसांना काय म्हणाले? "व्यवहार केला." घासाघीस नाही, भाव केला पण नाही, व्यवहार केला. मोठ्या रकमेचं आणि मानाचं असलं की शब्द असा वर चढतो.

आता 'सौदा'. पुस्तकात आणि बातम्यांत घासाघीसला 'सौदेबाजी' देतात, पण कोल्हापुरात सौदा म्हटलं की पहिल्यांदा गूळ आठवला पाहिजे. शाहू महाराजांनी 1895 ला शाहूपुरी पेठ वसवली, गुळाचा व्यापार वाढला, आणि आता शाहू मार्केट यार्डात तो चालतो. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे गूळ सौदे निघतात, पेपरात फोटो येतात. हा सौदा म्हणजे दोघांची घासाघीस नव्हे, हा लिलाव आहे. अडत्याच्या दारात गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, थप्पी लावलेली, 30 किलोचा रवा, रंग बघतात, कणी बघतात, बोटानं दाबून बघतात, व्यापारी बोली चढवत जातात. म्हणजे घासाघिशीत भाव खाली येतो आणि सौद्यात वर जातो, दिशा उलटी. शेतकरी म्हणतो "आज सौद्याला काय दर लागला?" आणि दर लागला नाही की "सौदे बंद पाडले" अशी बातमी. 2014 ला कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्यानंतर तर बाहेरच्या गुळावर कोल्हापुरी नाव लावण्यावरनं वाद वाढले, असो, तो विषय लांबचा. मुद्दा एवढाच की इथं कुणाला "मी साडीचा सौदा केला" म्हणालात तर तो म्हणेल किती गठ्ठे उचलले? आणि 'सौदेबाजी'ला तर सरळ घाण वास आहे. बाजी लागली की शब्द बिघडतो, दगाबाजी, फसवाफसवीच्या रांगेत जाऊन बसतो. सौदेबाजी पुढाऱ्यांची. त्याच्याही पुढची पायरी घोडेबाजार, तिथं घोडे नसतात.

गुरांच्या बाजारात वेगळीच भाषा. पेठ वडगावचा जनावरांचा बाजार आमच्या भागात नावाजलेला. तिथं विकणारा आणि घेणारा यांच्या मधे हेडी असतो, म्हणजे दलाल, आणि जुन्या पद्धतीनं भाव तोंडानं होत नाही, टॉवेलखाली होतो. याला हत्ता म्हणतात. लहानपणी वडिलांच्या मागं उभा राहून मी हे तोंड उघडं टाकून बघितलेलं आहे. हेडी खांद्यावरचा टॉवेल स्वतःच्या आणि समोरच्याच्या हातावर टाकतो, आत बोटं धरतो, आणि तोंडानं फक्त म्हणतो, "हे हजार." परत बोटं बदलतो, "आणि हे शेकडा." म्हणजे आकडा बोटात आणि हजार-शेकडा तेवढं तोंडात. बाजूला घोळका उभा असतो, सगळ्यांना हजार-शेकडा ऐकू येतं आणि कितीचं ते कुणालाच कळत नाही. पूर्ण पंजा धरला की पाच. समोरच्यानं हात झटकून बाहेर काढला की नाही पटलं. मग हेडी त्याच्या मागं चालत जाणार, "मामा, ऐका तरी", परत टॉवेल. आणि पटतंय असं वाटलं की तो इसाराची, म्हणजे व्यवहार पक्का करायच्या आगाऊ पैशाची, नोट विकणाऱ्याच्या मुठीत कोंबतो आणि वरनं मूठ दाबून धरतो, हा "नको नको" म्हणतोय, तो "धरा ओ, धरा" म्हणतोय. नोट परत दिली नाही की ठरलं. मग दावं हातात.

तिथले भाव करण्याचे शब्द पण बघा, "खोड काढणं" हा सगळ्यात मोठा. म्हशीचं एक सड बारीक आहे, शिंग असंच आहे, वेत जास्त झालेत, दात बघितले तर सांगितलेल्यापेक्षा वय जास्त. ही सगळी खोड काढणं म्हणजे भाव पाडायची तयारी. आमच्या दुकानात पण तेच, काठ फिका आहे, रंग जाईल. आम्ही दुकानदार आपसात म्हणतो की नावं ठेवतंय ते गिऱ्हाईक घेणार, "छान आहे छान आहे" म्हणणारं उठून जाणार. आणि माल समोर नसताना किंमतीवर भांडत बसलं तर "पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल" ही म्हण आहेच, ती आता ऑनलाइन जुन्या गाड्यांच्या जाहिरातीखाली चपखल बसते, गाडी बघितलेली नाही आणि "लास्ट किती?" विचारणारे पन्नास जण.

हत्त्यात अर्थातच लबाडीला जागा होती, शेतकऱ्याला कळायचं नाही की हेड्यानं दुसऱ्याशी कितीला ठरवलं, म्हणून तर बाजार समित्यांत शेतमालाचा उघड लिलाव हवा असा नियम झाला. गुप्तपणाचा दुसरा प्रकार म्हणजे व्यापाऱ्यांची नंदभाषा, आता जवळजवळ मेलेली. केवली म्हणजे एक, पोकू चार, मुळू पाच, अंगुळू दहा, असे वेगळेच आकडे, गिऱ्हाईकासमोर नोकराला "मुळू सोड" सांगता यायचं. आमच्याकडं ती नाही पण साडीच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव अक्षरांत लिहायची पद्धत होती, एक दहा अक्षरांचा शब्द ठरवायचा, प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. आता बारकोडनं ते जवळजवळ संपवलं. आमचा शब्द काय होता ते सांगणार नाही, माझ्या भावाच्या दुकानात अजून चालतो.

बरं, पैशाच्या पलीकडं गेलं की शब्द परत बदलतात. लग्नाची 'बोलणी', जमिनीची 'बैठक', ऊस दराच्या 'वाटाघाटी'. तिन्हीत घासाघीसच असते पण कुणी म्हणणार नाही. लग्नात "बोलणी चालू आहेत", पटलं की "सुपारी फुटली", नाही पटलं की "बोलणी फिसकटली". जमिनीत एजंट दोघांना समोरासमोर बसवतो ती बैठक, ठरलं की इसार, संचकारपत्र. उसाचं तर तुम्ही दर हिवाळ्यात बघालच, जयसिंगपूरला ऊस परिषद होते, पहिली उचल, म्हणजे उसाच्या पैशाचा पहिला हप्ता, किती यावरनं रस्ते बंद, मग कलेक्टर ऑफिसात वाटाघाटी, मग 'तोडगा' निघतो आणि पेपरात "कोंडी फुटली". एफआरपी 2009 पासनं आहे, म्हणजे केंद्र सरकार किमान दर ठरवून देतं, तरी त्याच्या वर किती यावर दरवर्षी हीच नाटकं. इथं वाटाघाटी हा शब्द बरोबर आहे कारण दोन पक्ष आहेत, मागं माणसं आहेत, चर्चेला वेळ ठरलेली आहे. भाजीवालीशी वाटाघाटी होत नाहीत. कुणी "मी रिक्षावाल्याशी वाटाघाटी केल्या" म्हणालं तर ते चेष्टेनंच. रिक्षाला 'ठरवणं' म्हणतात, "स्टँडपासनं रंकाळ्याला रिक्षा ठरवली", बस.

'तडजोड' लोक घासाघीसच्या यादीत टाकतात ते मला पटत नाही. घासाघीस चालू असते तेव्हा तडजोड झालेली नसते, झाली की घासाघीस संपलेली असते. शिवाय तडजोडीत पैसाच पाहिजे असं नाही, सासू-सुनेत पण होते. 'मांडवली' मुंबईची, तिच्यात भांडण मिटवणं आहे आणि थोडा दम पण आहे, साडीच्या दुकानात आणू नका. राजकारणात मात्र पेपरवाले बिनधास्त "जागावाटपावरून घासाघीस" लिहितात आणि तिथं तो शब्द फार चांगला बसतो, कारण तिथं पण दोन्हीकडं माहीत असतं की शेवटी मधलंच होणार आहे.

आता शिव्यांकडं. 'हुज्जत' हा समानार्थी नाही. हुज्जत म्हणजे वाद, तोही कारण नसताना. भाव करणारा घेण्यासाठी बोलतो, हुज्जत घालणारा जिंकण्यासाठी. 'कटकट', 'किरकिर' आमच्या मनातलं. आणि 'चेंगट' हा आमचा लाडका, जो माणूस पाच रुपयांसाठी वीस मिनिटं घेतो, ना घेतो ना जातो, तो चेंगट. गिऱ्हाईक चेंगट असलं की नोकर एकमेकांकडं बघतात. 'घासून घेणं' यात मात्र कौतुक आणि तक्रार दोन्ही आहे, "चांगलं घासून घेतलं की मला" असं मी हसत म्हणतो तेव्हा समजा की मला परवडलंय. खरंच परवडलं नसतं तर मी हसलोच नसतो, "नाही जमत ओ" म्हणून साडी घडी घालायला घेतली असती. घडी घालायला लागलो की बघा, शेवटचा भाव आला.

'मोलभाव' आणि 'भावताव' हे हिंदी वळणाचे, जाहिरातीत, मालिकांत ऐकू येतात, गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, किंवा लक्ष्मीपुरीत कुणाच्या तोंडी मी तरी ऐकले नाहीत. चुकीचे नाहीत, पण बोलताना परके वाटतात. 'बार्गेनिंग' मात्र आता आमचंच झालंय, राजारामपुरीतली कॉलेजची पोरं "बार्गेन केलं" म्हणतात आणि आई "भाव केला" म्हणते, वस्तू तीच. चप्पल लाईनला पर्यटक आला की "डिस्काउंट आहे का?" डिस्काउंट आणि भाव करणं एक नव्हे हे लक्षात ठेवा: डिस्काउंट दुकानदार देतो, भाव तुम्ही करून घेता. कोल्हापुरी चपलेला 2019 ला जीआय मिळालं, हातानं शिवलेली, चांगल्या कातड्याची कापशी पायताणं स्वस्तात होतच नाहीत, तिथं निम्म्यानं मागितलं तर कारागीर काही बोलत नाही, फक्त दुसरी, हलकी जोडी पुढं सरकवतो. त्याचं उत्तर तेच.

सोन्याचं एक सांगून ठेवतो कारण नवीन माणसं तिथं फसतात. गुजरीत सोन्याचा भाव रोजचा, फळ्यावर लिहिलेला, त्याला भाव करत नाहीत. बोलायचं ते मजुरीवर, म्हणजे घडणावळीवर. "मजुरीत काय सोडता?" हे वाक्य पाठ करा. आणि बंद पाकिटावर एमआरपी छापलेली असते ती जास्तीत जास्त किंमत आहे, त्याच्या खाली मागायला कायद्यानं अडवलेलं नाही, पण किराणावाल्याला बिस्किटाच्या पुड्याचा भाव करून बघा, तो तुम्हाला काय म्हणतो ते मी इथं लिहू शकत नाही. अंबाबाईच्या ओटीच्या सामानाला पण जुनी माणसं भाव करत नाहीत, सांगितले तेवढे देतात.

एक बदल मात्र मला दिसतोय. पूर्वी "वरचे सोडा" हे हत्यार होतं, 487 झाले की "सुट्टे नाहीत, 480 घ्या", दुकानदार पण सोडायचा. आता स्कॅन करून 487 अचूक येतात, सुट्ट्याचं कारणच गेलं, आणि त्यामुळं "राऊंड फिगर करा" हे सरळ तोंडानं मागावं लागतं. बऱ्याच जणांना लाज वाटते मागायला. मागा. आम्ही ते धरूनच सांगितलेलं असतं.

कुणाला शाळेच्या वहीसाठी समानार्थी शब्द पाहिजे असतील तर घासाघीस = भाव करणे, सौदेबाजी, मोलभाव एवढं लिहू द्या, मार्क मिळतील. 'हुज्जत' आणि 'तडजोड' बाईंनी बरोबर धरलं तरी मी धरणार नाही.